कथाकार आणि शोधक : सर आर्थर कॉनन डॉईल

शेरलॉक होम्स हें नांव ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा इंग्रजी वाचणारा विद्यार्थी विरळाच. उंच, सडपातळ बांध्याचा आणि तीक्ष्ण नजरेचा हा लंडनचा गुप्तहेर केवळ कागदावर जन्मला; तरीही तो खरोखरच कोठें तरी रहात असावा अशा समजुतीनें बेकर स्ट्रीटवरील त्याच्या काल्पनिक पत्त्यावर देशोदेशींहून पत्रें येत राहिलीं. मानसपुत्राचा असा बोलबाला झाला म्हणजे जनक अंधारांत पडतो. त्या जनकाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, आणि तसें करण्यास एक विशेष कारण आहे.

गेल्या कांहीं दशकांत इंग्रजी कादंबरीकारांना एक नवाच नाद लागला आहे. गुन्ह्यांच्या गोष्टी ज्यांनीं लिहिल्या त्या खऱ्याखुऱ्या लेखकांनाच ते आपल्या कादंबरींत ओढून आणतात आणि त्यांच्या गळ्यांत एखाद्या खुनाचा तपास बांधतात. १९७५ सालीं जो गोअर्स ह्यानें डॅशिएल हॅमेट ह्या अमेरिकन कथाकारास असें कामाला लावलें. पुढें जोसेफीन टे व अगाथा ख्रिस्ती ह्यांचीही ह्या कामगिरींतून सुटका झाली नाहीं. कॉनन डॉईल ह्यांचा तर ह्या मंडळींनीं जणूं पिच्छाच पुरविला. १९९३ सालीं मार्क फ्रॉस्ट ह्यानें तरुण डॉईलना एका भयंकर गुप्त कटाच्या मागें धाडलें. पुढच्याच वर्षीं विल्यम योर्ट्सबर्ग ह्यानें त्यांना हुडिनी ह्या प्रसिद्ध जादूगाराच्या जोडीस न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खुन्याचा माग काढीत फिरविलें. २००१ सालीं डेव्हिड पिरी ह्यानें त्यांना आपल्या वैद्यकाच्या गुरूंबरोबर तपासास नेलें. ह्या पुस्तकांनीं वेळ मजेंत जातो, ह्यांत शंका नाहीं. परंतु तीं वाचून मिटल्यावर वाचकाची अशी समजूत होते कीं, डॉईल ह्यांचें गुप्तहेरपण ही निव्वळ कल्पकतेची करामत असावी. वस्तुस्थिति तशी नाहीं. ह्या गृहस्थांनीं हयातींत खरोखरच तपास केले, आणि त्यांतील सर्वांत गाजलेला तपास मुंबईच्या एका पारशी गृहस्थाच्या मुलासाठीं होता. ती हकीकत पुढें येईल. तोंवर वाचकांनीं धीर धरावा.

आर्थर कॉनन डॉईल ह्यांचा जन्म ता. २२ मे १८५९ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. घराणें मूळचें आयरिश, धर्मानें रोमन कॅथॉलिक, आणि चित्रकलेसाठीं नांवाजलेलें. आजोबा जॉन डॉईल हे राजकारणी पुरुषांचीं व्यंगचित्रें काढीत. चुलते रिचर्ड ह्यांनीं ‘पंच’ ह्या विनोदी साप्ताहिकाचें मुखपृष्ठ रेखाटलें होतें. वडील चार्ल्स ह्यांच्या हातींही तीच कला होती. पण सरकारी कचेरींतील तुटपुंज्या पगाराची नोकरी आणि मद्याचें व्यसन ह्यांनीं त्यांचा घात केला. अखेरचीं वर्षें त्यांना मनोरुग्णांच्या इस्पितळांतच काढावीं लागलीं व १८९३ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. ओढगस्तीच्या ह्या संसाराचा गाडा ओढला तो आईनें. मेरी डॉईल ही वाचनाची विलक्षण आवड असलेली बाई होती, आणि गोष्ट कशी सांगावी ह्याचें पहिलें शिक्षण आर्थर ह्यांना तिच्यापासूनच मिळालें.

स्टोनीहर्स्ट येथील जेझुइट विद्यालयांत त्यांचें बालपण गेलें. तेथील शिस्त कडक व शिक्षा त्याहून कडक. पावसाळी सुटीच्या दिवशीं सोबती ह्या मुलाला बाकावर चढवून गोष्ट सांगावयास लावीत. गोष्ट अगदीं रंगांत आली म्हणजे हा थांबे, आणि हातावर खाऊ पडल्यावांचून पुढें सरकत नसे. लेखणीवर पोट भरण्याची ही पहिलीच तालीम म्हणावयाची!

१८७६ सालीं डॉईल एडिंबरो विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास करूं लागले. तेथें त्यांना डॉ. जोसेफ बेल हे अध्यापक भेटले. रोग्यानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याचा धंदा, त्याचें गांव आणि त्याच्या संवयी बेल सांगत, आणि भोंवतालचे विद्यार्थी थक्क होत. एकदां एक रोगी डोक्यावरची टोपी न काढतां त्यांच्यासमोर उभा राहिला. तो शिष्ट दिसत होता. तरी त्यानें टोपी काढली नाहीं, म्हणजे तो लष्करांतला असावा आणि सुटून फार दिवस झाले नसावेत, असें बेल ह्यांनीं ताडलें. त्याला हत्तीरोग झालेला होता, आणि तो रोग वेस्ट इंडीज बेटांतला. त्यावरून त्याची पलटण बार्बाडोस येथें असली पाहिजे, हेंही त्यांनीं सांगितलें. तें सर्व खरें निघालें. पाहणें सर्वांनाच येतें, पण पाहिलेल्याचा अर्थ लावणें थोड्यांनाच साधतें, हा धडा त्या तरुण विद्यार्थ्यानें गांठीस बांधला. होम्सचा जन्म खरा त्या खोलींतला.

शिक्षण चालू असतांनाच त्यांनीं देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर वैद्य म्हणून उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत सात महिने काढले, आणि पदवी मिळाल्यावर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याची सफर केली. १८८२ सालीं दहा पौंडांहूनही कमी रक्कम खिशांत घेऊन ते पोर्टस्मथजवळच्या साउथसी ह्या गांवीं दवाखाना थाटून बसले. पहिल्या सबंध वर्षाची प्राप्ति १५४ पौंड. रोगी येण्याची वाट पाहण्यांत जो वेळ जाई तो त्यांनीं लिहिण्यांत घालविला. १८८५ सालीं लुईझा हॉकिन्स हिच्याशीं विवाह झाला, आणि दुसऱ्या वर्षीं होम्सची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ हातावेगळी झाली. ती अनेक प्रकाशकांकडून साभार परत आली. अखेर एका कंपनीनें २५ पौंड देऊन तिचे सर्व हक्क विकत घेतले आणि १८८७ च्या नाताळच्या एका वार्षिकांत ती छापली. ह्या कादंबरीसाठीं डॉईल ह्यांना त्या २५ पौंडांपलीकडे त्या कंपनीकडून कधींच कांहीं मिळालें नाहीं.

दुसरी कादंबरी ‘द साइन ऑफ फोर’ १८९० सालीं निघाली. तिच्यांत आपल्या देशाचा संबंध बराच आहे. १८५७ च्या धामधुमींत आग्र्याच्या किल्ल्यांत लपविलेलें जडजवाहीर, अंदमानांतले बंदी, आणि त्या खजिन्यापायीं लंडनांत पडलेला मुडदा अशी ती गोष्ट. हिंदुस्थान त्यांनीं पाहिलेला नव्हता, आणि तें जागोजागीं जाणवतें. अंदमानच्या मूळ रहिवाशाचें जें चित्र त्यांनीं काढलें आहे तें अज्ञानमूलक व अन्यायाचें आहे, हें आम्हांस सांगितलेंच पाहिजे. ज्या लेखणीनें तें चित्र काढलें तीच पुढें काळ्या कातडीवरील आकसाविरुद्ध झिजली, हा दैवाचा खेळ म्हणावा कीं मनुष्याची वाढ म्हणावी, तें वाचकांनींच ठरवावें.

आतां एक लहानशी गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८९१ च्या आरंभीं डॉईल ह्यांच्या मनानें नेत्रवैद्य होण्याचें घेतलें. त्यासाठीं ते व्हिएन्ना येथें शिकावयास गेले, परत येऊन लंडनांत जागा भाड्यानें घेतली, आणि रोज सकाळीं तेथें जाऊन बसूं लागले. एकही रोगी फिरकला नाहीं, असें ते स्वतःच पुढें विनोदानें सांगत. रिकाम्या खोलींत बसून त्यांनीं होम्सच्या लघुकथा लिहिल्या. जुलै १८९१ पासून त्या ‘स्ट्रँड’ मासिकांत येऊं लागल्या, आणि थोड्याच महिन्यांत त्यांचें नांव घरोघर झालें. नेत्रवैद्यकीचा धंदा संपला; पण डोळ्यांविषयीं जें शिकले तें वायां गेलें नाहीं.

कीर्तीच्या पुढील कथेंत आम्ही फार रेंगाळत नाहीं. होम्समुळें आपलें गंभीर लेखन झांकलें जातें असें त्यांना वाटे, म्हणून डिसेंबर १८९३ मध्यें त्यांनीं त्याला स्वित्झर्लंडांतील धबधब्याच्या दरींत लोटून दिलें. वाचकांनीं आकांत केला. १९०१ सालीं ‘बास्करव्हिल्सचा कुत्रा’ छापूं लागला, १९०३ सालीं होम्स जिवंत परतला. मधल्या काळांत डॉईल बोअर युद्धांत इस्पितळावर वैद्य म्हणून राबले, आणि त्या युद्धांत इंग्लंडची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिल्यावर १९०२ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली. साम्राज्याचा त्यांना अभिमान होता, व तो त्यांनीं कधीं लपविला नाहीं.

आतां मुंबईच्या त्या पारशी गृहस्थाकडे वळूं. शापुरजी एदलजी हे मुंबईच्या पारशी समाजांतले. तरुणपणीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, विलायतेस जाऊन धर्मोपदेशकाचें शिक्षण घेतलें, शार्लट स्टोनहॅम ह्या इंग्रज बाईंशीं विवाह केला, आणि १८७६ च्या सुमारास स्टॅफर्डशर परगण्यांतील ग्रेट वर्ली ह्या गांवच्या देवळाचे ते उपदेशक झाले. भोंवतालीं कोळशाच्या खाणी आणि शेतें. वस्ती खाणकामगारांची व शेतकऱ्यांची. देवळाचा अधिकारी हिंदी मनुष्य असावा, हें कित्येकांच्या डोळ्यांत सलत होतें. १८८८ सालीं, व पुन्हां १८९२ ते १८९५ पर्यंत, त्या घरावर निनांवी पत्रांचा मारा झाला. कोणी तरी त्यांच्या नांवानें दुकानदारांकडे खोट्या मागण्या पाठवी, आणि नको असलेला माल दारांत येऊन पडे. वॉल्सॉल येथील शाळेची एक किल्ली एके दिवशीं त्यांच्या उंबऱ्यावर सांपडली. परगण्याचे मुख्य पोलीस अधिकारी कॅप्टन अ‍ॅन्सन ह्यांनीं फिर्यादीचा शोध लावण्याऐवजीं फिर्यादीच्या मुलावरच संशय धरला, आणि तो मनांतून कधीं काढला नाहीं.

हा मुलगा जॉर्ज. शांत, अबोल, अभ्यासू. बर्मिंगहॅम येथें सॉलिसिटर झाला, रोज आगगाडीनें जाऊन येऊन करी, आणि १९०१ सालीं त्यानें उतारूंच्या उपयोगासाठीं रेल्वेच्या कायद्यावर एक छोटें पुस्तकही लिहिलें. दारू नाहीं, तंटा नाहीं. १९०३ च्या फेब्रुवारीपासून ग्रेट वर्लींत रात्रीं घोडे व गुरें पोटें चिरलेल्या स्थितींत सांपडूं लागलीं. त्याबरोबर निनांवी पत्रेंही पुन्हां सुरू झालीं. ता. १७ ऑगस्टच्या रात्रीं खाणीच्या एका तट्टावर आठवा हल्ला झाला, आणि दुसऱ्याच दिवशीं पोलिसांनीं जॉर्जला पकडलें.

पुरावा काय? त्याच्या कोटावर घोड्याचे केस, जोड्यांना चिखल, आणि पत्रांतील अक्षर त्याचेंच आहे असें सांगणारा एक हस्ताक्षरतज्ज्ञ. बाप व मुलगा एकाच खोलींत निजत, खोलीला आंतून कुलूप असे, बापाची झोंप सावध होती. शापुरजींनीं हें शपथेवर सांगितलें, पण तें ऐकून घेणारे कान तेथें नव्हते. जॉर्ज अटकेंत असतांनाही जनावरें मारलीं जात होतीं. तर त्याच्या टोळींतल्या दुसऱ्या कोणाचें तें काम, असें सांगून ती अडचण दूर करण्यांत आली. ऑक्टोबर १९०३ मध्यें स्टॅफर्ड येथें त्याला ७ वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि सॉलिसिटरांच्या यादींतून त्याचें नांव खोडलें गेलें. त्या काळीं इंग्लंडांत फौजदारी शिक्षेवर अपील ऐकणारें न्यायालयच नव्हतें. १०,००० लोकांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. तीन वर्षांनीं, ऑक्टोबर १९०६ मध्यें, त्याला एकाएकीं सोडून देण्यांत आलें. निर्दोष म्हणून नव्हे, गुन्हेगार म्हणूनही नव्हे. कारण असें कांहींच न देतां. वकिली बंद, आणि पोलिसांची नजर चालूच. त्यानें आपली हकीकत कागदावर उतरून शेरलॉक होम्सच्या कर्त्याकडे धाडली.

डॉईल ह्यांची पत्नी त्याच वर्षीं जुलैमध्यें क्षयानें वारली होती. दुःखानें त्यांचें लेखन थांबलें होतें, मन कशांतच रमत नव्हतें. हे कागद वाचल्यावर ते उठून बसले. जानेवारी १९०७ मध्यें लंडनच्या एका हॉटेलांत भेट ठरली. डॉईल ह्यांना यावयास उशीर झाला. जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसला होता. त्यानें तें डोळ्यांना जवळजवळ चिकटवून आणि किंचित् तिरकें धरलें होतें. दारांतूनच डॉईल ह्यांनीं तें पाहिलें. ह्या मनुष्याला दूरचें फारसें दिसत नाहीं, शिवाय त्याच्या दृष्टींत दुसराही दोष आहे, हें त्या बिनरोग्यांच्या नेत्रवैद्यानें ताबडतोब ओळखलें. असा मनुष्य काळोख्या, पावसाळी रात्रीं कुंपणें, चर व रेल्वेचे रूळ ओलांडून अर्धा मैल दूरच्या शेतांत जातो, पाहरा चुकवितो, बुजऱ्या जनावराचें पोट चिरतो आणि तसाच परत येतो! कोर्टांत इतके वकील व न्यायाधीश होते. आरोपीच्या डोळ्यांकडे कोणाचेंच नीट लक्ष गेलें नव्हतें.

पण येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. होम्सच्या गोष्टींत असें निरीक्षण झालें म्हणजे गोष्ट संपते. खऱ्या तपासांत तेथून काम सुरू होतें. डॉईल स्वतः ग्रेट वर्लीस गेले, ती वाट पायांनीं तुडविली, आणि जॉर्जचे डोळे तज्ज्ञ नेत्रवैद्याकडून तपासून घेतले. कोट व तट्टाच्या कातड्याचा तुकडा हीं दोन्ही पोलिसांनीं एकत्रच तपासावयास पाठविलीं होतीं, म्हणजे केस तेथेंच लागले असले पाहिजेत, असें त्यांनीं दाखवून दिलें. शपथेवर अक्षर ओळखणाऱ्या तज्ज्ञानें दुसऱ्या एका गाजलेल्या खटल्यांतही निरपराध्याच्या विरुद्ध साक्ष दिली होती, हेंही त्यांनीं उघडकीस आणलें. मग ‘डेली टेलिग्राफ’ पत्रांत ११ व १२ जानेवारीस त्यांचा लांबलचक लेख आला. कोणत्याही पत्रानें तो फुकट छापावा, म्हणून त्यांनीं त्यावरचे हक्क मुद्दाम सोडून दिले होते. जॉर्जच्या रंगामुळें व वंशामुळें गांवाचें आणि पोलिसांचें मन आधींच कलुषित झालें होतें, हें त्यांनीं आडपडदा न ठेवतां लिहिलें. इंग्लंडभर खळबळ उडाली.

सरकारनें तिघांची चौकशी-समिति नेमली. त्या तिघांपैकीं एकजण कॅप्टन अ‍ॅन्सन ह्यांचे नातलग होते. मे १९०७ मध्यें निकाल लागला. जनावरें मारल्याच्या आरोपांतून जॉर्जला माफी मिळाली. परंतु तीं पत्रें त्यानेंच लिहिलीं असावींत, सबब त्यानें आपलें संकट अंशतः स्वतःच ओढवून घेतलें, आणि म्हणून नुकसानभरपाई नाहीं! जो गुन्हा केलाच नाहीं त्याची माफी, आणि जें सिद्ध झालें नाहीं त्याचा दंड. डॉईल संतापानें लाल झाले. सॉलिसिटर मंडळानें मात्र जॉर्जला वकिलीचा हक्क परत दिला, आणि ‘डेली टेलिग्राफ’नें वर्गणी जमवून सुमारें ३०० पौंड त्याच्या हातीं ठेविले. त्याच वर्षीं इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें न्यायालय स्थापण्याचा कायदा झाला. ह्या खटल्यानें त्याला मोठा हातभार लावला. सप्टेंबर १९०७ मध्यें डॉईल ह्यांनीं जीन लेकी हिच्याशीं दुसरा विवाह केला, तेव्हां समारंभास बोलाविलेल्या पाहुण्यांत जॉर्ज एदलजी होता.

ह्या तपासांत डॉईल सर्वत्र निर्दोष राहिले असें मात्र आम्हांस म्हणतां येत नाहीं. खरा गुन्हेगार आपणच शोधून काढूं ह्या ईर्षेनें त्यांनीं वॉल्सॉलच्या शाळेंत पूर्वीं शिकलेल्या एका मनुष्याचें नांव सरकारला कळविलें. त्या मनुष्याविरुद्धचा पुरावा ऐकीव गोष्टींचा व तर्काचा होता. त्यावर कधीं खटला उभा राहिला नाहीं. ज्या पोकळ पुराव्यावर जॉर्ज तुरुंगांत गेला, त्याहून हा फारसा भरीव नव्हता. होम्सला असें करतां येतें, कारण त्याचा गुन्हेगार लेखकानें आधींच ठरवून ठेवलेला असतो. दुसऱ्या बाजूनें कॅप्टन अ‍ॅन्सनही स्वस्थ नव्हते. डॉईल ह्यांची दिशाभूल करण्यासाठीं त्यांनीं एक बनावट पत्र रचलें होतें, हें २०१५ सालीं उजेडांत आलेल्या पत्रव्यवहारावरून दिसून आलें.

वर सांगितलेल्या कादंबऱ्यांत आम्ही जिला सर्वांत वरचें स्थान देतों ती ह्याच प्रकरणावरची आहे. जूलियन बार्न्स ह्यानें २००५ सालीं लिहिलेल्या ‘आर्थर अँड जॉर्ज’ ह्या कादंबरींत डॉईल तपास करतात खरे. पण तेथें जॉर्ज हा केवळ सोडविण्याचें कोडें नाहीं. त्याला स्वतःचें मन आहे, कायद्यावर श्रद्धा आहे, आणि आपल्या उपकारकर्त्याचा तर्क कोठें लंगडा पडतो हें त्या वकिलाला कळतें. इतर लेखकांनीं डॉईलना होम्ससारखें बनविलें. बार्न्सनें त्यांना डॉईलच राहूं दिलें.

दुसरा मोठा तपास ऑस्कर स्लेटरचा. डिसेंबर १९०८ मध्यें ग्लासगो शहरीं मॅरियन गिलख्रिस्ट ह्या वृद्ध बाईचा खून झाला, व तिचा एक हिऱ्याचा ब्रूच नाहींसा झाला. स्लेटर ह्या जर्मन यहुद्यानें ब्रूच गहाण टाकला आहे अशी कुणकुण लागतांच पोलीस त्याच्या मागें लागले. त्याचा ब्रूच निराळा होता आणि खुनापूर्वींच गहाण पडला होता हें लवकरच सिद्ध झालें. तरी खटला थांबला नाहीं. स्लेटर जुगारी होता, त्याची राहणी चांगली नव्हती, आणि तो परका होता. १९०९ सालीं त्याला फांशीची शिक्षा झाली. फांशीच्या दोन दिवस आधीं ती जन्मठेपेंत बदलली. डॉईल ह्यांना हा मनुष्य मुळींच आवडत नव्हता. तरीही १९१२ सालीं त्यांनीं त्याच्या बाजूनें पुस्तिका लिहिली. जॉर्जसारख्या सज्जनासाठीं भांडणें सोपें. न आवडणाऱ्या मनुष्यासाठीं १५ वर्षें भांडणें ही निराळीच गोष्ट आहे, आणि आमच्या मतें डॉईल ह्यांच्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा येथेंच झाली. १९२५ सालीं सुटलेल्या एका कैद्यानें स्लेटरचा निरोप तोंडांत लपवून तुरुंगाबाहेर आणला. डॉईल पुन्हां उठले. नोव्हेंबर १९२७ मध्यें स्लेटर सुटला, १९२८ सालीं शिक्षा रद्द झाली, आणि त्याला ६,००० पौंड मिळाले. अपिलाच्या खर्चासाठीं डॉईल ह्यांनीं आपल्या पदरचे पैसे घातले होते. ते परत करावयास स्लेटर तयार होईना. दोघांचें बिनसलें तें कायमचें.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांचा वडील मुलगा किंग्सली दगावला, आणि थोड्याच महिन्यांनीं धाकटा भाऊ इन्स गेला. परलोकवासी आत्म्यांशीं बोलतां येतें ह्या मताकडे ते पूर्वींच झुकले होते; आतां त्यांनीं त्याच्या प्रचाराला स्वतःस वाहून घेतलें. यॉर्कशरमधील दोन मुलींनीं काढलेलीं पऱ्यांचीं छायाचित्रें त्यांनीं खरीं मानलीं व १९२२ सालीं त्यांवर पुस्तक लिहिलें. त्या पऱ्या कागद कापून केलेल्या होत्या, असें त्यांपैकीं एकीनें १९८३ सालीं कबूल केलें. हुडिनीशीं त्यांची मैत्री ह्याच मतापायीं तुटली. डिसेंबर १९२६ मध्यें अगाथा ख्रिस्ती घरांतून नाहींशी झाली, तेव्हां डॉईल ह्यांनीं तिचा हातमोजा मिळवून एका दिव्यदृष्टीच्या माणसाकडे नेला. बेलच्या शिष्याकडून ही अपेक्षा नव्हती. पण जो मनुष्य एकदां कोणावर विश्वास टाकी तो जगाच्या हंशाला भिऊन मागें सरत नसे. स्लेटर सुटला तो ह्याच स्वभावामुळें, आणि पऱ्यांनीं त्यांना फसविलें तेंही ह्याच स्वभावामुळें.

ता. ७ जुलै १९३० रोजीं क्रोबरो येथें राहत्या घरीं सर आर्थर कॉनन डॉईल ह्यांचें देहावसान झालें.

चार वर्षांनीं, १९३४ सालीं, स्टॅफर्डशरमधील एका मजुरानें कोर्टांत कबुली दिली कीं, वर्लीच्या प्रकरणाच्या काळापासून धमकीचीं निनांवी पत्रें आपण पाठवीत आलों होतों. जॉर्ज एदलजी तेव्हां लंडनांत वकिली करीत होता. ती बातमी वाचून त्यानें वर्तमानपत्रांत लेख लिहिला, आणि सर आर्थर हा दिवस पाहावयास हवे होते असें त्यांत कृतज्ञतेनें नमूद केलें. १९५३ सालीं तो वारला. तोंवर, आणि त्यानंतरही, सरकारनें त्याला नुकसानभरपाईचा एक पेनीही दिला नाहीं.